उकल सापडल्यानंतरचं काम



तुझ्या वहीच्या पानांचे फोटो तुझ्या आईने पाठवले. मोठे करून सगळे वाचले. गणित ऑलिंपियाडची पहिली परीक्षा, आयओक्यूएम, पार पडली, आता पुढच्या परीक्षेची, आरएमओची, तयारी सुरू आहे, आणि शेवटच्या पानावर 'घातांची समीकरणं आता जमतात' असं तू लिहिलं आहेस. त्या एका वाक्यासाठी हे पत्र जरा सविस्तर लिहितोय. सवडीने, पेन्सिल हातात घेऊन वाच.

तू सोडवलेलं समीकरण असं : २^म − ३^न = ५. (टाइप करताना घातांक वर चढवता येत नाही, म्हणून २^म म्हणजे २ चा म वा घात असं वाच.) म आणि न नैसर्गिक संख्या. तू दोन उकली काढल्यास. म = ३, न = १, कारण ८ − ३ = ५; आणि म = ५, न = ३, कारण ३२ − २७ = ५. मग दादाच्या लॅपटॉपवर छोटा प्रोग्राम लिहून घातांक हजारापर्यंत नेलेस आणि खाली लिहिलंस, 'आणखी उकली नाहीत.'

दोन्ही उकली बरोबर आहेत. शेवटचं वाक्यही खरं आहे. पण ते तू सिद्ध केलेलं नाहीस, आणि अशा प्रश्नाचं जवळजवळ सगळं वजन त्याच वाक्यात असतं. आयओक्यूएममध्ये उत्तराचा आकडा भरला की काम भागतं, तो आकडा कसा आला हे कोणी विचारत नाही. आरएमओत कोरा कागद समोर येतो आणि परीक्षक तुझी सिद्धता ओळीओळीने वाचतो. पहिल्या परीक्षेची सवय दुसऱ्या परीक्षेत नेऊ नकोस.

हजारापर्यंत सापडली नाही म्हणजे पुढेही नसणार, असं वाटणं साहजिक आहे. घात वाढले की संख्या एकमेकींपासून भराभर लांब जातात, हे तू डोळ्यांनी पाहिलंस. तरी एक उदाहरण दाखवतो. २^न − ७ ही संख्या पूर्ण वर्ग केव्हा होते? न = ३ घेतलास तर १ येतो, ४ ला ९, ५ ला २५, ७ ला १२१. सगळे वर्ग. पुढे ८ पासून १४ पर्यंत २४९, ५०५, १०१७, २०४१, ४०८९, ८१८५, १६३७७ येतात आणि यात एकही वर्ग नाही. चौदाव्या घाताशी थांबलेला माणूस चार उकली लिहून वही मिटेल. आणि पंधराव्याला ३२७६१ येतात, म्हणजे १८१ चा वर्ग! त्याच्यापुढे मात्र कधीही नाही, कितीही लांब गेलं तरी.

हा प्रश्न रामानुजनचा. १९१३ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी न च्या ३, ४, ५, ७ आणि १५ या पाच किमती दिल्या आणि इतर किमती शोधायला वाचकांना सांगितलं. त्या सोसायटीचं ग्रंथालय त्या काळी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात होतं, तेव्हा या प्रश्नाचं आपल्याकडे येणं-जाणं जुनंच. इतर किमती नाहीतच, हे नॉर्वेच्या ट्रिग्वे नागेलने १९४८ साली सिद्ध केलं. पाच किमती हाताने काढायला तुला अर्धा तास पुरेल. सहावी नाही हे कळायला जगाला पस्तीस वर्षं लागली.

आणखी एक आपल्या घरचं उदाहरण. ६१ ला एखाद्या वर्गाने गुणून त्यात १ मिळवला तर पुन्हा वर्ग यावा, असा प्रश्न भास्कराचार्यांच्या बीजगणितात आहे (११५०). चाळीसगावजवळच्या पाटणला ज्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, तेच भास्कराचार्य. शून्य सोडलं तर ज्या संख्येचा वर्ग घ्यायचा ती कमीत कमी २२,६१,५३,९८० आहे. हे घातांकी समीकरण नव्हे, पण सांगण्याचा मुद्दा तोच. एकापासून एकेक किंमत घालून पाहणारा माणूस कोटीपर्यंत गेला असता तरी 'उत्तर नाही' असंच म्हणाला असता. भास्कराचार्य असे चाचपडत गेले नाहीत, त्यांच्यापाशी चक्रवाल ही पद्धत होती.

आता तुझंच समीकरण घेऊ.

म हा ५ पेक्षा मोठा आहे असं धर. मग २^म ला ६४ ने पूर्ण भाग जातो. ३^न + ५ म्हणजेच २^म, तेव्हा ३^न ला ६४ ने भागल्यावर बाकी ५९ उरलीच पाहिजे. वहीत ३ चे घात मांडत जा आणि दर वेळी जमतील तेवढे ६४ काढून टाक. बाक्या अशा येतात : ३, ९, २७, १७, ५१, २५, ११, ३३, ३५, ४१, ५९, ४९, १९, ५७, ४३, १. सोळाव्या घाताला १ आला की तीच रांग पहिल्यापासून सुरू होते. ५९ रांगेत एकदाच आहे, अकराव्या जागी. म्हणजे न हा ११, २७, ४३, ५९ असाच कुठलातरी हवा. १६ ने भागल्यावर बाकी ११.

इथे बरीच मुलं थांबतात, कारण विरोध अजून मिळालेला नसतो. मिळालेली माहिती मात्र फार मोलाची आहे. ती १६ च्या हिशेबात आहे, तेव्हा आता असा भाजक शोध ज्याच्या बाक्याही सोळा-सोळाच्या फेऱ्यांत फिरतात. १७ मूळ संख्या आहे. फर्माच्या छोट्या सिद्धांताप्रमाणे ३^१६ ला १७ ने भागलं की बाकी १ राहते. म्हणून आपल्या न साठी ३^न ची बाकी ३^११ च्या बाकीइतकीच. ३^११ म्हणजे १,७७,१४७, आणि त्याला १७ ने भागून ७ उरतात. त्यात ५ मिळवले, तर २^म ला १७ ने भागल्यावर १२ उरायला हवेत. २ च्या घातांच्या १७ ने येणाऱ्या बाक्या लिही : २, ४, ८, १६, १५, १३, ९, १, आणि पुन्हा २. यात १२ कुठेही नाही. म ५ पेक्षा मोठा असूच शकत नाही. उरले १ ते ५. म १ किंवा २ असेल तर २^म हा ५ पेक्षाही लहान, म्हणून ते गेले; ३ ला ३^न = ३, ४ ला ११ आणि ५ ला २७. ११ हा ३ चा घात नाही. संपलं.

अर्ध्या पानाची सिद्धता आहे, आणि तिच्यात लॅपटॉपवर तपासलेल्या हजार घातांपेक्षा जास्त काही आहे : सगळे घात आहेत.

तू विचारशील, ६४ च का? ८ किंवा १६ घेऊन का भागलं नाही? यातच या पद्धतीचं मर्म आहे, म्हणून नीट बघ. बाक्यांच्या युक्तीने खऱ्या उकलीला कधीच बाद करता येत नाही, कारण खरी उकल कुठल्याही भाजकाला जुळतेच. म = ५ ही खरी उकल आहे. '३२ ने भाग जातो' एवढंच धरलं असतंस तर ती उकलही त्या गटात राहिली असती, आणि मग जगातला कोणताही भाजक घेऊन विरोध मिळाला नसता. म्हणून आधी ज्ञात उकली हाताने बाजूला काढायच्या, त्यांच्या पलीकडचा पहिला घात धरायचा, मग भाजक शोधायचा. तुझ्या वहीत आधीच्या एका पानावर ५, ७, ११, १३ असे भाजक ओळीने लावून पाहिलेले आणि खोडलेले दिसले. ती मेहनत वाया जाणार होती हे एकही भागाकार न करता सांगता आलं असतं.

दुसरं हत्यार अवयवांचं. ३^अ + ४^ब = ५^क हे समीकरण घे, अ, ब, क नैसर्गिक संख्या. अ = ब = क = २ ही उकल शाळेपासून ओळखीची आहे, ३-४-५ चा काटकोन त्रिकोण. ४ ने भागून पाहा : ५^क ची बाकी १, ४^ब ची ०, म्हणून ३^अ ची १ हवी, आणि ती अ सम असेल तरच येते. ३ ने भागून पाहा : ४^ब ची बाकी १, तर ५^क ची १ हवी, म्हणून क सुद्धा सम. बाक्यांनी विरोध दिला नाही, पण दोन घातांक सम आहेत हे दिलं, आणि समीकरणाचं रूप पालटायला तेवढं पुरतं. अ = २प, क = २फ लिही. ५^२फ − ३^२प म्हणजे दोन वर्गांची वजाबाकी :

(५^फ − ३^प)(५^फ + ३^प) = २^२ब

गुणाकार २ चा घात आहे, म्हणून दोन्ही कंस २ चेच घात. त्यांची बेरीज २ × ५^फ, म्हणजे तिला ४ ने भाग जात नाही. तेव्हा दोन्ही कंसांना एकाच वेळी ४ ने भाग जाऊ शकत नाही. लहान कंस १ असता तर मोठाही विषम, म्हणजे १ झाला असता, आणि ते शक्य नाही. म्हणून लहान कंस २ आणि मोठा २^(२ब−१). दोन्हींची वजाबाकी करून निम्मी कर : ३^प = २^(२ब−२) − १ = (२^(ब−१) − १)(२^(ब−१) + १). आता हे दोन कंस ३ चे घात आणि त्यांच्यात फरक २ चा. ३ च्या घातांत २ चा फरक फक्त १ आणि ३ मध्ये असतो. म्हणून २^(ब−१) = २, ब = २, प = १, आणि मागे जाऊन फ = १. अ, ब, क तिन्ही २.

पोलंडच्या वाक्लाव शेरपिन्स्कीने हे १९५६ साली छापलं. त्याच वर्षी येश्मानोविच या गणितज्ञाने विचारलं की पायथागोरसच्या प्रत्येक त्रिकुटासाठी असंच होतं का. ५-१२-१३ सारख्या कितीतरी त्रिकुटांसाठी ते सिद्ध झालं आहे, सर्वांसाठी अजूनही नाही. तुझ्या वयाला कळणारा प्रश्न, आणि उत्तर अजून कोणाकडेच नाही.

या उदाहरणात एक गोष्ट जाणूनबुजून मागे ठेवली होती. प्रश्नात 'नैसर्गिक संख्या' होतं. 'पूर्ण संख्या' असतं तर शून्यही चाललं असतं, आणि अ = ०, ब = १, क = १ ही नवी उकल आली असती, कारण १ + ४ = ५. प्रश्नातला एक शब्द बदलला की उत्तर बदलतं. पेपर हातात आला की आधी हा शब्द अधोरेखित कर, आणि शून्याला परवानगी असेल तर ती प्रकरणं पहिल्या चार ओळींत निकालात काढ. मागाहून कोणाला आठवत नाहीत.

अवयवांची ही कल्पना फार जुनी आहे. दक्षिण फ्रान्समध्ये लेव्ही बेन गेर्शोन नावाचे ज्यू पंडित होते. संगीतकार फिलिप द व्हित्री यांनी त्यांना विचारलं की २ आणि ३ यांच्याच गुणाकारांतून होणाऱ्या संख्यांपैकी एकमेकींशेजारी येणाऱ्या जोड्या किती. त्या काळच्या संगीतात स्वरांचा काळ दोनांत नाहीतर तिनांत विभागत, म्हणून त्यांना हा प्रश्न पडला. १३४३ साली गेर्शोन यांनी दाखवलं की १-२, २-३, ३-४ आणि ८-९ एवढ्याच. त्यातली शेवटची जोडी पुढे पाच-सहा शतकं गणितज्ञांच्या डोक्यात राहिली. १८४४ साली बेल्जियमच्या कातालानने क्रेले यांच्या गणिताच्या नियतकालिकाला पत्र लिहून म्हटलं की ८ आणि ९ सोडले तर एकाशेजारी एक असे दोन पूर्ण घात नाहीतच, पाये कोणतेही घ्या. सिद्धता त्यांच्याकडे नव्हती. ती प्रेडा मिहाइलेस्कूने २००२ साली दिली आणि २००४ साली त्याच नियतकालिकात छापून आली.

मधला एक टप्पा लॅपटॉपवरच्या तुझ्या तपासणीशी थेट संबंधित आहे. केंब्रिजच्या ॲलन बेकरने १९६६ च्या सुमारास अशी पद्धत काढली की बऱ्याच घातांकी समीकरणांसाठी 'या आकड्यापलीकडे उकल नाही' अशी मर्यादा काढता येते. त्यांना १९७० साली फील्ड्स पदक मिळालं. बेकरची पद्धत वापरून नेदरलँड्सच्या टाइडेमनने १९७६ साली कातालानच्या प्रश्नाला मर्यादा घातली, पण ती इतकी प्रचंड होती की तिथपर्यंत तपासणं कोणत्याही यंत्राला शक्य नव्हतं. मिहाइलेस्कूला वेगळीच वाट धरावी लागली. यातून घ्यायचं ते असं : हजारापर्यंत तपासणं सिद्धतेचा भाग होऊ शकतं, पण हजारापलीकडे उकल नाही हे आधी सिद्ध असेल तेव्हाच. मर्यादा आधी, यंत्र नंतर.

हे काम परदेशातच होतं असं समजू नकोस. मुंबईत कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये के. रामचंद्र आणि टी. एन. शोरी यांनी याच विषयात मोठं काम केलं. शोरी आणि टाइडेमन यांचं घातांकी समीकरणांवरचं पुस्तक १९८६ साली केंब्रिजने काढलं आणि ते आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतं. त्यांच्याही आधी एस. एस. पिल्लई होते. दोन पूर्ण घातांमधला फरक ठरावीक असेल तर अशा जोड्या मोजक्याच असतात, हे त्यांचं अनुमान. तू सोडवलेलं 'फरक ५' त्याच कुळातलं. १९५० साली अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेला निघालेले पिल्लई कैरोजवळच्या विमान अपघातात गेले. फरक १ असताना त्यांचं अनुमान खरं ठरलं आहे, १ पेक्षा मोठ्या एकाही फरकासाठी ते अजून पूर्ण सिद्ध झालेलं नाही.

लिहिण्याबद्दल थोडं. तुझ्या पानांवर 'हे उघड आहे' तीन-चार ठिकाणी दिसलं. जिथे जिथे ते लिहावंसं वाटतं तिथे थांब आणि ते एका ओळीत सिद्ध कर. झालं तर ती ओळ लिही. नाही झालं तर तुझी सिद्धता तिथेच तुटली आहे. बाक्यांची रांग पूर्ण लिही, 'अशा प्रकारे' म्हणून सोडू नकोस, कारण ती कुठे फिरते हेच परीक्षकाला बघायचं असतं. मसावि वापरलास तर तो का तेवढाच आहे तेही सांग. आणि सगळ्या उकली शेवटी मूळ समीकरणात घालून दाखव.

एक प्रश्न आठवडाभर सुटला नाही तरी लगेच उत्तर उघडून बघू नकोस. जे भाजक लावून पाहिलेस आणि ज्यांनी काही दिलं नाही, तेही वहीत तारीख घालून ठेव. काय लागू पडलं नाही आणि का, हे लिहिलेलं असलं की पुढचा भाजक निवडणं सोपं जातं. पुण्याला आलीस की भास्कराचार्य प्रतिष्ठानात घेऊन जाईन. तिथे तुझ्यासारखी मुलं फळ्याशी वाद घालताना दिसतील, आणि ते वाद ऐकण्यासारखे असतात. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर आरएमओचे मागचे पेपर आहेत. ते सोडव, पण वेळ लावून नको. आत्ता वेगाची गरज नाही.

आता काम. २००६ साली स्लोव्हेनियात लुब्लियानाला झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचा चौथा प्रश्न : १ + २^क्ष + २^(२क्ष+१) = य², क्ष आणि य पूर्णांक. क्ष = ० ला य = ±२ आणि क्ष = ४ ला य = ±२३ येतो. १ उजवीकडे ने, दोन्ही बाजूंचे अवयव पाड, आणि क्ष धन असताना य − १ व य + १ या दोन सम संख्यांपैकी एकीलाच ४ ने भाग जातो, यावरून पुढे जा. त्यानंतर बाक्या उपयोगी पडणार नाहीत, आकाराची तुलना करावी लागेल : एक बाजू दुसरीपेक्षा किती मोठी होऊ शकते. क्ष ऋण असेल तर काय होतं, तेही लिही. पुढच्या रविवारपर्यंत मला पान पाठव. उत्तराचे आकडे नकोत, ते मी वर दिलेच आहेत. आणखी उकल का नाही, ते पाठव.

तुझा,
मामा